काठी उगारणाऱ्याला जाब विचारा, चित्र काढणारीला नव्हे



आपल्या चळवळीत एक वाक्य फार ऐकू येतं. घरात नवरा दारू पिऊन बायकोला मारतो, हे एखाद्या बाईने लिहिलं किंवा चित्रात आणलं की कुणीतरी हळूच म्हणतं, "ताई, खरं आहे तुमचं. पण हे आत्ता कशाला? मनुवाद्यांच्या हातात आयतं कोलीत मिळतं." या वाक्याचा समाचार घेण्यासाठी मी तुम्हाला कॅनडाच्या पार उत्तरेला घेऊन जाणार आहे.

तिथे नुनावुत प्रदेशातल्या केप डॉर्सेट गावात, ज्याला आता किनगाइट म्हणतात, १९६९ साली ॲनी पुटुगुक जन्मली. समाज इन्युइट. बाहेरच्यांनी यांना 'एस्किमो' म्हटलं. कॅनडाच्या सरकारला यांची नावं नोंदवणं अवघड वाटलं, म्हणून १९४० च्या दशकात माणसागणिक क्रमांकाचे बिल्ले वाटले. माणसाची ओळख कोण ठरवणार, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही.

या गावात १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून चित्रं आणि छापचित्रं तयार होतात, कलाकारांच्या सहकारी संस्थेमार्फत दक्षिणेकडच्या शहरांत विकली जातात. तिथल्या गिऱ्हाइकाला काय हवं? पांढरं अस्वल, घुबड, बर्फाचं घर, हसतमुख शिकारी. म्हणजे असा आदिवासी, जो भिंतीवर शोभतो आणि काही मागत नाही.

ॲनी १९९७ च्या सुमारास रंगीत पेन्सिली घेऊन बसली आणि तिने आपलं रोजचं घर काढलं. टीव्हीपुढे बसलेली माणसं. जमिनीवर बसून सीलचं मांस खाणारं कुटुंब. स्टोव्ह. दुकानातला फ्रीझर. भिंतीवरचं घड्याळ. आणि त्याच घरातला, त्याच साध्या रेषेतला, काठी उगारलेला पुरुष आणि पलंगावर अंग चोरून घेणारी बाई. २००२ सालचं हे चित्र. ही मारहाण तिने स्वतः सोसली होती. दुसऱ्या एका चित्रात बाई दारूच्या बाटल्या खडकावर आपटून फोडते आहे. तीही ॲनीच.

हे तिने पश्चिमेकडून उसनं आणलं, असं कुणी म्हणू नये. तिची आजी पिट्सिओलाक अशूना हिने जुन्या भटक्या मुक्कामांचं जगणं काढलं होतं. आई नापाची हिने बायकांवरची जबरदस्तीही काढली होती. तीन पिढ्यांच्या बायका आपल्या समाजाची नोंद ठेवत होत्या. त्यातलं अस्वल तेवढं 'संस्कृती' आणि काठी म्हणजे 'बदनामी', ही वाटणी कुणी केली?

२००६ साली टोरंटोत तिचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच वर्षी कॅनडातला मानाचा सोबी पुरस्कार मिळाला, ५०,००० डॉलरचा. २००७ साली जर्मनीच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात तिची चित्रं लागली. पुढे ती ओटावात बेघर झाली, रस्त्यावर मिळेल त्या पैशाला चित्रं विकू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये रिडो नदीत तिचा मृतदेह सापडला. वय ४७.

आता नीट ऐका. त्याच शहरातल्या एका पोलीस सार्जंटने इंटरनेटवर लिहिलं, की हा खून वगैरे नसेल, नशेत पडली असेल, आणि मूळनिवासींपैकी बरेच जण व्यसनातच समाधानी असतात. पुढे त्याने शिस्तभंग कबूल केला. शिक्षा? तीन महिन्यांपुरती पदावनती!

सांगा, त्या सार्जंटला हे मत बनवायला ॲनीची चित्रं लागली होती का? ते मत त्याच्याजवळ आधीपासून तयार होतं. आपल्याकडचा जातीयवादीही आपल्या बायकांच्या आत्मकथनांची वाट बघत थांबलेला नाही. ॲनी गप्प बसली असती तरी त्याने तेच लिहिलं असतं. फरक एवढाच पडला असता, की बाटली फोडणारी बाई जगाला कधी दिसलीच नसती. 'हे लोक असेच' या शिक्क्याला तिचं चित्र हेच उत्तर आहे. यांच्यातच मार खाणारी आहे, आणि यांच्यातच त्याविरुद्ध उभी राहणारीही आहे.

बेबीताई कांबळेंनी 'जिणं आमुचं'चं लिखाण वर्षानुवर्षं घरात लपवून ठेवलं. कुणापासून लपवलं? सवर्णांपासून नव्हे, नवऱ्यापासून. १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला सांगितली. हे माप आपण व्यासपीठावरून दुसऱ्यांना लावतो, घरी परतल्यावर खुंटीला टांगतो.

"आधी जात संपू द्या, मग घरचं बघू," असं म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. ज्या घरात बाई भीतीने गप्प आहे, त्या घरातून समतेचा कार्यकर्ता कसा निघणार? काठी लपवून समाजाची अब्रू राहत नाही, काठी उगारणाऱ्याची तेवढी राहते.

तेव्हा तरुणांनो, पुढच्या वेळी एखादी ताई घरातलं सांगायला उभी राहिली, तर तिला वेळ-काळ शिकवू नका. माईक द्या. तिचं लिखाण छापा, तिची चित्रं विहाराच्या भिंतीवर लावा. जाब विचारायचाच असेल, तर ज्याच्या हातात काठी आहे त्याला विचारा, मग तो आपला कार्यकर्ता का असेना.

जय भीम!