आजोबांचा लोखंडी टोप

दिवाळी तोंडावर आली की आमच्या शेलूबाजारात दोन आवाज सुरू होतात. एक सोयाबीन काढणाऱ्या मळणीयंत्राचा आणि दुसरा घरोघरच्या घासण्याचा. पितळी डबे, समया, तांब्याचे घंगाळ, सारे अंगणात येते आणि चिंचेच्या कोळाने न्हाऊन निघते. आमच्या सौभाग्यवतींचा न्याय सरळ आहे. जी वस्तू घासून चकाकत नाही ती मोडीत द्यावी, नाहीतर माझ्या खोलीत ठेवावी. माझ्या खोलीत चार जुने लष्करी टोप आहेत, ते याच न्यायाने!

त्यांतला पहिला माझ्या आजोबांचा. आजोबा मराठा पलटणीत होते आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. याच मोहिमेत १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांनी आणि ९ एप्रिल १९४५ रोजी नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. घाडगे तर त्या लढाईतून परत आलेच नाहीत. आजोबांना पदक मिळाले नाही. ते १९४६ साली घरी आले, आणि त्यांच्याबरोबर हा टोप आला.

टोप दिसायला उलट्या परातीसारखा. जॉन ब्रॉडी यांनी १९१५ साली लंडनमध्ये या घाटाचा हक्क नोंदविला. पहिल्या महायुद्धाला आरंभ झाला तेव्हा सैनिक साध्या टोप्या घालून खंदकात उतरत होते, आणि डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या तुकड्यांना कापडाची कसली भीती? म्हणून हा मँगनीज मिसळलेल्या पोलादाचा, रुंद काठाचा टोप निघाला. आमच्याकडे मात्र त्याने पुढची तीस वर्षे बैलांना सरकी घालण्याचे काम केले. त्यानंतर तो माळ्यावर गेला.

सात-आठ वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी तो खाली काढला. बाहेरून तांबेरा चढलेला, आतले चामडे कडक झालेले. मला उत्साह आला. चिंच झाली, विटेची भुकटी झाली, शेवटी पॉलिश पेपर आणला. दोन दिवस घासून ट्रंकांना देतात तो रुपेरी रंग आतून-बाहेरून फासला आणि टोप ओसरीवर आत्यापुढे ठेवला. वाटले, म्हातारी हरखून जाईल.

आत्याने टोप उलटा केला. आतल्या बाजूने काठावरून बोट फिरविले. पुन्हा फिरविले. मग म्हणाली, “काऊन रे बापू, बाबाचं नाव कुठी गेलं?”

आतल्या काठाला पांढऱ्या रंगाने आजोबांचा नंबर आणि आडनाव लिहिलेले होते. मी ती अक्षरे पाहिली होती. धुरकट डाग म्हणून सोडून दिली होती. आत्याला लिहिता-वाचता येत नाही. पण लहानपणी आजोबांनी तिचे बोट धरून त्या अक्षरांवरून फिरविले होते. तिला या जगात वाचता येत होते ते एवढेच. आणि मी, अक्षरांवर पोट भरणारा मराठीचा प्राध्यापक, तेवढेच नेमके पुसून टाकले होते.

त्यानंतर मी या विषयातल्या जाणत्यांना विचारू लागलो, पुस्तके चाळली. पहिला धडा असा की जतन करणे म्हणजे नवे करणे नव्हे. आहे तेथे झीज थांबविणे. टोपावरचा मूळ रंग, पोचे, घामाने काळवंडलेले चामडे, हीच त्याची कागदपत्रे. ती घासली की राहते ते नुसते लोखंड.

दुसरा धडा हवेचा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर जातो आणि श्रावणात भिंतींना ओल येते. लोखंडाला ओल मारते, तर चामड्याला फार कोरडेपणाही सोसत नाही; ते तडकते. म्हणून हवेतील आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास आणि बाराही महिने शक्य तितकी सारखी असावी. माळा आणि बाहेरची भिंत टाळावी. घराच्या मधल्या खोलीतले कपाट बरे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावल्या की बदलाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत टोप बांधू नये. आतली ओल आतच कोंडते.

बाकीच्या गोष्टी गृहिणींना सहज पटतील अशा आहेत. टोप उघड्या हाताने धरू नये. घामातल्या मिठाने बोटांचे ठसे गंजून उठतात. पट्ट्याला धरून टांगू नये, एकावर एक रचू नये. आत धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटाची उशी भरावी, म्हणजे जुन्या चामड्यावर भार येत नाही. वर्तमानपत्राचा बोळा मात्र नको; त्या कागदात आम्ल असते. खोबरेल तेल तर मुळीच लावू नये. ते चिकट होऊन धूळ धरते. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. उघड्या पडलेल्या लोखंडावर संवर्धनाच्या कामाचे रंगहीन मेण अगदी पातळ लावावे. चामड्यावर आणि जुन्या रंगावर जाणत्याला विचारल्यावाचून काही लावू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, वस्तूबरोबर तिची हकीकत लिहून ठेवावी.

या शेवटच्या गोष्टीचे मोल मला पुण्यात कळले. दिनकर केळकर, म्हणजे आपले कवी ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर दिवे, अडकित्ते, शस्त्रे अशा वस्तू गावोगाव हिंडून जमविल्या आणि १९७५ साली सारा संग्रह सरकारला देऊन टाकला. दारावर नाव घातले ते लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे. त्या दालनांतून फिरताना मला माझा रुपेरी टोप आठवत राहिला. त्या माणसाने हजारो वस्तूंमधून एक नाव राखले. मी एका वस्तूवरचे एक नाव पुसले.

मध्यंतरी मनात आले, पांढऱ्या रंगाने ते नाव पुन्हा लिहावे. आत्याला विचारले. ती म्हणाली, “तू लिहिशील ते तुहं अक्षर होईन.” शास्त्रही तेच सांगते. मग मी जाड कागदाची चिठ्ठी केली. पेन्सिलीने आजोबांचे नाव, नंबर, पलटण लिहिली. टोप कोणी, केव्हा आणि कसा खराब केला तेही लिहिले. सत्त्याऐंशी वर्षांच्या आत्याला या दिवाळीत ती वाचून दाखविली.

तिने डोळे मिटून ऐकले. मग म्हणाली, “बाबा आला तो दिवस राहिला. पोळा होता. लिही.”

मी लिहिले.