‘अभिलेख आढळून येत नाही’

सरकारी कचेरीतून मिळणारे सर्वात सोपे आणि सर्वात घातक उत्तर कोणते? ‘सदर अभिलेख या कार्यालयात आढळून येत नाही.’ कारकून ही एक ओळ दोन मिनिटांत लिहितो. पण तिच्यापायी कुणाचा प्रवेश रद्द होतो, कुणाच्या नोकरीवर गदा येते. म्हणून दप्तर सांभाळणे हा केवळ कारकुनी प्रश्न नाही, तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे, असे आम्ही मानतो.

महाराष्ट्राच्या २००० च्या जात प्रमाणपत्र कायद्याने जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखा मानल्या गेल्या. त्यापूर्वीचा पुरावा आणा, असे सांगितले जाते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेकांनी मुलांच्या दाखल्यावर अभिमानाने ‘बौद्ध’ लिहिले. त्यांना आज आजोबा-पणजोबांची मूळ जात दाखवावी लागते. ती नोंद कोठे असते? शाळेच्या जनरल रजिस्टरात, कोतवाल बुकात, गाव नमुना नंबर १४ मध्ये. म्हणजे पुरावा द्यायचा आमच्या माणसाने, आणि तो सांभाळायचा सरकारने! सरकारने तो वाळवीला खाऊ घातला तर शिक्षा कोणाला? ज्यांच्या घरी पिढ्यान् पिढ्या सातबारा आणि खरेदीखते आहेत, त्यांना एक कागद हरवला तर दुसरा सापडतो. ज्यांना जमीनच नव्हती, त्यांचे सारे अस्तित्व त्या एका जीर्ण रजिस्टरवर टांगलेले असते.

कायदे नाहीत म्हणावे, तर तसेही नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ सांगते की प्रत्येक कार्यालयाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून ठेवले पाहिजेत. राज्याचा सार्वजनिक अभिलेख कायदाही २००५ चाच. शिवाय अ, ब, क, ड अशी वर्गवारी आहे, टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठा पद्धत आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये स्पष्ट केले की ‘सापडत नाही’ एवढे सांगून माहिती नाकारता येणार नाही. शोध घ्यावा लागेल, जबाबदारी निश्चित करावी लागेल. तरीही अभिलेख कक्ष म्हणजे मोडक्या खुर्च्या टाकण्याची जागा, ही वृत्ती जात नाही.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि असंख्य फायली खाक झाल्या. तेव्हापासून संगणकीकरणाचा गजर सुरू आहे. संगणक हवाच. पण सूची न करता कागद स्कॅन केले, तर अडगळ कपाटातून संगणकात जाते, एवढेच. चुकीची पाने, पुसट अक्षरे आणि नावांचे गोंधळ तसेच राहतात. मूळ कागद नष्ट करण्याची घाई तर अजिबात नको.

सरकारने मनावर घेतले तर काय होते, हे २०२३ मध्ये दिसले. न्या. संदीप शिंदे समितीच्या कामासाठी जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरे उघडली गेली, मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे बसवली गेली, लाखो कुणबी नोंदी निघाल्या आणि त्या संकेतस्थळांवर चढल्या. त्या समाजाला पुरावा मिळाला याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा सवाल एवढाच, की तीच दप्तरे, तीच कपाटे, तीच माणसे असताना महार, मांग, चांभार, कैकाडी, वडार यांच्या नोंदी शोधायला अशी मोहीम का निघू नये? रजिस्टर उघडलेच होते, तर त्याच पानावरची पुढची ओळ का वाचली नाही?

प्रत्येक तालुक्यातील जुन्या नोंदींची जाहीर सूची करा. नोंद गहाळ झाली असेल तर तसे लेखी प्रमाणपत्र द्या आणि ज्याच्या ताब्यातून ती गेली त्याची चौकशी करा. त्याचा भुर्दंड विद्यार्थ्यावर नको.

समाजबांधवांनीही वाट पाहत बसू नये. मूल दहावीला जाण्याआधीच आजोबांच्या शाळेतील उताऱ्याची साक्षांकित प्रत काढून ठेवा. घरात एकाला वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल, तर त्याच्या प्रती भावकीत द्या. आणि ‘आढळून येत नाही’ असे उत्तर आले, तर रिकाम्या हाताने परतू नका; ते उत्तर सहीशिक्क्यानिशी मागून घ्या आणि माहिती अधिकारात अपील करा.