पायऱ्या सगळ्यांना सारख्याच



‘उंच मूर्ती म्हणजे पर्यटनाचा धंदा’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत कर्नाटकातील श्रवणबेळगोळला तरी लागू पडत नाही. तिथल्या विंध्यगिरी टेकडीवरची जैनांच्या बाहुबलीची ५७ फुटी मूर्ती गंग राजांचा सेनापती चावुंडराय याने दहाव्या शतकात घडवून घेतली. तेव्हा हॉटेलवाले कुठे होते? (चावुंडरायाचे नाव मूर्तीच्या पायाशी मराठीतही कोरले आहे, हे आपल्या किती सहलवाल्यांना ठाऊक आहे कोण जाणे.) आजही चपला खाली काढून सहाशेहून अधिक पायऱ्या चढाव्या लागतात. दुपारी कातळ तापला की भाविक आणि फोटोवाले, दोघांचेही तळवे पोळतात. मूर्तीच्या मांड्यांवर चढलेल्या वेली, पायांशी वारुळे, हे सारे दोघेही मान वर करून बघतात. तक्रारच करायची तर मूर्तीच्या महामस्तकाभिषेकाच्या गर्दीची करा. बारा वर्षांनी येणारा तो सोहळा २०१८ मध्ये झाला. पुढच्या सोहळ्याच्या नियोजनाला अजून वेळ आहे.

– एक वाचक, कोल्हापूर