अल्पाका, हुरडा आणि साबणाची वडी

अल्पाका हा प्राणी आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रातच पाहिला असेल. मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या पेरूकडचा, उंटाच्या कुळातला, पण मेंढीहून थोडाच उंच. मऊ दाट लोकरीसाठी त्याला पाळतात. आता इंग्लंडमध्येही त्याचे फार्म निघाले आहेत आणि लंडनची मंडळी सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांना घेऊन तिथे जातात. मुलीकडे गेलो असताना मीही नातवाबरोबर असा एक फार्म पाहिला. दोरी धरून अल्पाकाला फिरवायचे, तळहातावरून खाद्य भरवायचे. वरच्या जबड्यात पुढे दात नसल्याने चावण्याची भीती कमी, चिडला तर मात्र थुंकतो. सगळा कळप ठरलेल्या एकाच जागी शौचास जातो, हे पाहून मला आपल्या एस.टी. स्टँडच्या मागच्या भिंतीची आठवण झाली. असो, तो विषय वेगळा.

मला कौतुक वाटले ते फाटकाजवळच्या नळांचे. मुलांच्या उंचीची बेसिने, साबण, वाहते पाणी. हात धुतल्याशिवाय खाण्याच्या जागेकडे जायचे नाही. नातवाने आईच्या पर्समधून जेलची बाटली काढली, तर तिथल्या बाईंनी हसत हसत त्याला नळाकडे वळवले. बाईंचे बरोबर होते. शेणामातीने माखलेल्या हातावर जेल नीट काम करत नाही आणि काही जंतूंना तर ते मारतच नाही.

या शिस्तीमागे इतिहास आहे. २००९ साली लंडनच्या दक्षिणेस, सरे परगण्यातल्या एका फार्मवर गेलेल्या कुटुंबांत ई. कोलाय ओ-१५७ या जंतूची साथ उद्भवली. ९३ जणांना लागण झाली, त्यांत बहुतेक लहान मुले. काही मुलांची मूत्रपिंडे निकामी होऊन डायलिसिस करावे लागले. हा जंतू गाय, मेंढी, शेळी अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या आतड्यात राहतो. जनावर मात्र धडधाकट दिसते. शेणातून तो अंगावरच्या केसांना, कुंपणाला लागतो आणि तिथून मुलाच्या बोटांवाटे तोंडात जातो.

लंडनच्या गोष्टी आम्हाला कशाला, असे कोणी म्हणेल. पण राज्य सरकारने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरण आणले आणि पुण्या-मुंबईच्या गाड्या सुट्टीला गावाकडे वळू लागल्या. हुरडा, बैलगाडी, शेळीची करडे. माझा याला विरोध तर नाहीच, उलट शहरातल्या पोरांनी जनावराच्या पाठीवरून हात फिरवलाच पाहिजे या मताचा मी आहे. पण झोपाळा, फोटोची कमान आणि चुलीवरच्या भाकरीची पाटी आधी होते, गोठा आणि जेवणाची पंगत यांच्यामध्ये नळ व साबण मात्र क्वचितच दिसतो. केंद्र चालवणाऱ्या शेतकरी बांधवांनी हा खर्च सर्वांत आधी करावा. एका झोपाळ्याच्या पैशात दोन नळ बसतात.

पालकांनाही एक सांगणे. सहलीनंतर तीन-चार दिवसांनी, कधी आठवड्यानेही, मुलाला पोटात कळा येऊन जुलाब लागले, त्यात रक्त दिसले, तर मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून देऊ नका. घरात उरलेले अँटिबायोटिकही नको. या जंतूच्या बाबतीत ही औषधे अपाय करू शकतात. पाणी पाजत राहा, लगेच डॉक्टरांकडे न्या आणि मूल गोठ्यात गेले होते हे आपण होऊन सांगा. आम्ही दरवेळी विचारतोच असे नाही. चेहरा पांढरा पडला, लघवी कमी झाली, तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. गरोदर बाईने व्यायला आलेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या शेळी-मेंढीजवळ जाऊ नये. त्या संसर्गाने गर्भपात होऊ शकतो.

राहिले धारोष्ण दूध. पाहुण्याला गोठ्यातच पेला भरून देण्याची आपली रीत प्रेमाची आहे हे मान्य. पण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, ताप आठवडेच्या आठवडे येत-जात राहतो, सांधे धरतात आणि निदान लवकर होत नाही. जनावरांचा क्षयही दुधातून माणसात येतो. पाहुण्यांनी धार काढून पाहावी, फेसाचे फोटो काढावेत. दूध मात्र चुलीवर चांगले उकळून, वर साय धरली की द्यावे.