नाचाचा मेळावा आणि मतदार यादी

निवडणुकीच्या तोंडावर समलिंगी स्त्रियांनी नृत्याचा मेळावा भरवायचा, तिकिटांच्या पैशांतून निधी उभारायचा आणि दाराशीच मतदार नोंदणीचे टेबल मांडायचे, ही रीत अमेरिकेतील मोठ्या शहरांत आता जुनी झाली आहे. असा मेळावा उद्या बारामतीत किंवा इंदापुरात कोणी योजला तर? आमच्याच कार्यकर्त्यांपैकी काही हसतील आणि काही ‘ऊसदर, पाणी, बेकारी सोडून हे काय काढले?’ असे विचारतील. म्हणूनच हा विषय येथे घेत आहोत.

आधी नाचाविषयी. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने गाण्यानाचातूनच माणसे जागी केली. निळू फुले आणि राम नगरकर त्याच सेवा दलाच्या मुशीतून आले. तो वारसा सांगणाऱ्यांनी नाचाला नाक मुरडावे, हे शोभत नाही. शिवाय दौंड तालुक्यातील चौफुल्याची कला केंद्रे बारामती लोकसभा मतदारसंघातच आहेत. पुरुषांपुढे बाई नाचली तर ती कला ठरते. बायकांनी बायकांच्या सोबतीने, स्वतःच्या आनंदासाठी नाचायचे ठरवले की मात्र संस्कृती बुडते!

आता मताविषयी. 6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे संमतीने झालेले समलिंगी संबंध 377 व्या कलमाच्या कक्षेतून बाहेर काढले. पण 17 ऑक्टोबर 2023 रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे नाकारले आणि हे काम कायदेमंडळाचे आहे असे सांगितले. म्हणजे प्रश्न आता ज्यांना मते मागावी लागतात त्यांच्या दारात आला आहे. त्याआधीच, एप्रिल 2022 मध्ये, विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले गेले होते. ते मांडले बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी. हे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. 2024 मध्ये ती लोकसभा विसर्जित झाली आणि प्रलंबित विधेयक व्यपगत झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत या मतदारसंघात गाजली ती नणंद-भावजयीची लढत. दोन्ही प्रमुख उमेदवार स्त्रिया होत्या, तरी चर्चा होती घराण्याची.

येथील राजकारणाची भाषाच घराची आहे. मते मोजली जातात ती उंबऱ्याने, भावकीने, कारखान्याच्या सभासदत्वाने. ‘त्यांच्या घरात सात मते आहेत,’ असे आपलेही कार्यकर्ते सहज म्हणतात. त्या सातांतली एखादी मुलगी मैत्रिणीवर प्रेम करते, लग्नाला नाही म्हणते आणि एके दिवशी पुण्याला निघून जाते. तिचे नाव मात्र गावच्या यादीतच राहते. मत द्यायचे तर जिथून ती सुटली त्याच गावात परतायचे, आणि केंद्राबाहेर तीच माणसे उभी असणार ज्यांनी तिचा फोन काढून घेतला होता. मतदान गुप्त आहे, पण केंद्रापर्यंतची वाट गुप्त नसते. नवा पत्ता लावण्यासाठी नमुना 8 भरावा लागतो आणि त्यासोबत पत्त्याचा पुरावा लागतो. दोन एकट्या मुलींना भाड्याची खोली मिळाली तरी करारनामा करून द्यायला घरमालक सहजी राजी होत नाही.

नमुना 6 मध्ये नातेवाइकाच्या रकान्यात वडील, आई, पती, पत्नी आहेत. तृतीयपंथी मतदारासाठी गुरूचे नाव देण्याचीही सोय आहे. ही चांगलीच सुधारणा आहे. 2009 मध्ये यादीत ‘इतर’ हा पर्याय आला. 2017 मध्ये इंदापूरच्या शेजारच्या माळशिरस तालुक्यात तरंगफळ गावाने तृतीयपंथी उमेदवाराला सरपंचपदी निवडून दिले. ग्रामीण मतदार आपण समजतो तितका कर्मठ नाही. पण समलिंगी स्त्री समाजाला दिसतच नाही. विजय तेंडुलकरांनी ‘मित्राची गोष्ट’ लिहून चार दशके उलटली, तरी गावात आजही तिला नाव नाही. असलीच तर ती ‘लग्न न जमलेली’.

म्हणून मेळावा हवा. चार जणींना आपण एकट्या नाही हे कळण्यासाठी हवा, आणि निधीसाठीही हवा. घर सोडलेल्या मुलीला लागते ते दोन महिन्यांचे भाडे, अनामत, प्रवासखर्च, वकिलाची फी. ऊसदराच्या लढ्याशी याचा संबंध काय, असे विचारणाऱ्यांना आम्ही इतकेच विचारतो की, घरातल्या जमिनीचा आणि मताचा मालक एकच असावा, ही व्यवस्था आपण कोणत्या लढ्यात मान्य केली होती?

असा मेळावा कोणी योजलाच तर आपल्या तालुका शाखांनी सभागृह मिळवून द्यावे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या 126 व्या कलमान्वये मतदान संपण्यापूर्वीच्या 48 तासांत करमणुकीचे कार्यक्रम योजून निवडणूक प्रचार करता येत नाही, तेव्हा तारीख बरीच आधीची धरावी. खरे तर यादीत नावे घालण्याची मुदतही त्याच्या कितीतरी आधी संपते. जमलेल्या पैशाचा हिशेब वेगळा ठेवावा; तो पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या खात्यात येता कामा नये. नमुना 6 आणि 8 चे अर्ज घेऊन दोन महिला कार्यकर्त्यांनी दाराशी बसावे. स्टेजवर पक्षाचा फलक लावू नये, आणि छायाचित्रकाराला निरोप धाडू नये.