थ्रेड : गेममधला इतिहास पगडीत नसतो, नियमांत असतो

१/ मराठ्यांच्या इतिहासावर व्हिडिओ गेम करायचा म्हटले की चर्चा पगडी, तलवारीची मूठ आणि बुरुजाचे दगड यांवर येऊन थांबते. प्रोग्रामर लिहितो त्या नियमांकडे इतिहासप्रेमी क्वचितच पाहतात. इतिहासात गोष्टी का घडल्या, याची समजूत मात्र खेळणाऱ्याच्या मनात त्या नियमांतूनच रुजते.

२/ संगणकाच्या दृष्टीने गेम म्हणजे एक अखंड फेरा. कोणती कळ दाबली ते वाचायचे, जगाची 'स्थिती' बदलायची, चित्र पुन्हा रेखाटायचे. सेकंदाला बहुधा ३० किंवा ६० वेळा. स्थिती म्हणजे साठवलेले आकडे : सैनिक किती, दारूगोळा किती, धान्य किती दिवसांचे. ज्याचा आकडा ठेवला नाही, त्याचा त्या जगात काही परिणाम होत नाही.

३/ ठाण्याचेच उदाहरण घ्यावे. मार्च १७३७ मध्ये मराठ्यांनी ते पोर्तुगीजांकडून घेतले. तिथल्या किल्ल्याचे बांधकाम तेव्हा पुरेही झाले नव्हते. (आज तिथे मध्यवर्ती कारागृह आहे, आतून पाहण्याचा योग न आलेलाच बरा.) ठाणे साष्टी बेटावर. कल्याणकडून येणाऱ्या फौजेला खाडी ओलांडावीच लागे, आणि खाडीचे पाणी दर सहा तासांच्या आसपास पालटते.

४/ नेहमीच्या साच्यात तटाला 'हेल्थ' १०००, दर गोळ्यामागे १० वजा, शून्य झाले की किल्ला पडला. खाडी म्हणजे निळा रंग. पात्र तिथे पोहोचले की 'कोलिजन' तपासून त्याला अडवायचे. यातून खेळणारा एवढेच शिकतो की ज्याच्या तोफा जास्त, तो जिंकतो. अपुरा तट आणि भरती, दोन्ही गायब. शिवाय त्याच मोहिमेत वसई पडली ती मे १७३९ मध्ये, सुरुंगांनी तट फोडल्यावर. या दोन विजयांना एकच नियम लावणे हा पगडी चुकण्यापेक्षा मोठा प्रमाद आहे.

५/ पाण्याची पातळी स्थितीत घेतली आणि कोलिजन तिच्यावर अवलंबून ठेवले, की होड्या कधी सोडायच्या हा खरा पेच उभा राहतो. कोड मोजक्या ओळींचा. गणित शाळेतल्या साइन वक्राचे.

६/ 'गेम आधी रंजक हवा' हा आक्षेप रास्तच. पण १९९१ च्या 'सिव्हिलायझेशन'ची चित्रे साधी चौकटींची होती. लोक रात्र रात्र जागले ते त्यातल्या निर्णयांपायी. डोंबिवलीतल्या एखाद्या तरुणाने असा गेम करायला घेतलाच, तर त्याने पहिला दिवस दुर्गाडीखाली खाडीकाठी, घड्याळ हातात घेऊन घालवावा.