दुधीचे बी आणि चालींची वही



पावसाआधी बियाण्याची उगवण तपासायला वसईतल्या एका वाडीवर गेलो होतो. आजींनी पडवीतला पेटारा उघडला. वर राखेत ठेवलेले दुधीचे बी, खाली भजनाची वही. वही वाळवीने पार चाळण केलेली. आजींचे यजमान भजनीबुवा. अभंगांना स्वतः चाली बांधत, पण वही कुणाला दाखवीत नसत. चाल दुसऱ्या मंडळाकडे जाईल ही भीती! बुवा गेले, चालीही गेल्या. दुधीचे बी मात्र आजी दरसाल शेजारीपाजारी वाटत आल्या. ते आज सात-आठ परसांत वेलावर आहे.

शास्त्रीय गाण्याची गोष्टही अशीच आहे. बंदिश म्हणजे रागाच्या चौकटीत बांधलेले चार ओळींचे लहानसे गीत. त्याच्या आधाराने गवई तासभर राग फुलवतो. पूर्वी घराण्याचे उस्ताद खास बंदिशी बाहेरच्यांना सहज देत नसत. मुंबईचे वकील पं. विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) देशभर हिंडले, उस्तादांना विनवून बंदिशी मिळवल्या आणि स्वरलिपीसह ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत छापल्या. केवढे बियाणे वाचले!

पण नुसते जुने बी जपून भागत नाही, नवे वाणही लागते. पं. जगन्नाथबुवा पुरोहित (१९०४–१९६८) यांनी जोगकंस हा राग रचला. जोगाचा आणि कंसाचा संकर, नावातच दोन्ही पालक दिसतात. बंदिशीत ते ‘गुणीदास’ अशी मुद्रा घालत. मुद्रा म्हणजे रचनाकाराची खूण. बुवांनी राग कुलपात ठेवला नाही, शिष्यांना दिला. माणिक वर्मांनी गायलेला जोगकंस ध्वनिमुद्रिकेवरून घरोघर पोचला. शिष्य पं. सी. आर. व्यास यांनी स्वतःच्या बंदिशी बांधल्या आणि ‘राग सरिता’ या पुस्तकात छापल्या. गुरूने पेरले, शिष्याने त्याला नव्या रचनेने उत्तर दिले. आज जोगकंस अनेक घराण्यांचे गवई गातात. हे बी कोणाच्या बांधावरचे, असे कोणी विचारीत बसत नाही.

उत्तर नेहमी गोड येते असे नाही. क्षयाच्या दुखण्यात हवापालटासाठी कुमार गंधर्व (१९२४–१९९२) १९४८ साली माळव्यात देवासला गेले. अंथरुणावरून खेड्यातल्या बायाबापड्यांची गाणी ऐकली आणि त्या धुनांतून नवे राग काढले. ‘मधसुरजा’ रागातल्या त्यांच्या बंदिशीत बळी जाणारे बकरे जिवाची याचना करते. गोठा सांभाळणाऱ्याला ते लगेच कळेल. त्यांच्या गाण्यावर परंपरा मोडल्याची टीका झाली. तरी त्यांनी १९६५ साली ‘अनूपरागविलास’मध्ये आपल्या बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. ज्याला पटेल त्याने गावे, न पटेल त्याने चूक दाखवावी. आपला चाचणीचा प्लॉटही असाच रस्त्याकडेला असतो, नाही का?

नवे वाण दिले की शेतकरी तोंडावर सांगतो, “साहेब, उतारा आला नाही.” त्या बोलण्यानेच आम्ही सुधारतो. रचनाकारालाही असाच जाणता, स्पष्ट बोलणारा शेजारी हवा. नुसते ‘छान, छान’ म्हणून कुणाचे पीक सुधारत नाही. कोकणातली डबलबारी आठवा. समोरचा बुवा तोडीस तोड उत्तर देतो, म्हणूनच रात्र रंगते.

तर मंडळी, गावात कुणी नवी चाल बांधत असेल तर तिला आपल्या मंडळात जागा द्या, शेजारच्या मंडळालाही शिकवा आणि मोकळेपणी बरे-वाईट सांगा. रचणाऱ्याचे नाव मात्र विसरू नका.

निघताना आजी म्हणाल्या, “दोन चाली अजून ध्यानात आहेत, भाऊ.” मी नातवाला म्हटले, “मोबाईल काढ बाळा, आजीला आत्ताच गाऊ दे.” आजींनी डोळे मिटले. पहिली चाल पूर्ण आली. दुसरीचा अंतरा अडला, तो नातू आता शेजारच्या मंडळातल्या म्हाताऱ्यांना विचारतो आहे.

तुमच्या पेटाऱ्यात काय आहे? पाऊस लागण्याआधी उघडून बघा.